बाणावरचे विष आणि कुंपणावरची बिट्टी: नाते काय?

बिडकीन : पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, बिडकीनच काय, मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात कुंपणाला दिसते. मुले तिच्या बियांनी खेळतात. पण या बियांतले विष आफ्रिकेतील शिकाऱ्यांच्या बाणांवरील विषाचे सख्खे भावंड आहे.

झांबेझी खोऱ्यातले शिकारी स्ट्रोफॅन्थस या वेलीच्या बिया वाटून बाणाला लावत. १९व्या शतकात लिव्हिंग्स्टनच्या मोहिमेतील डॉ. जॉन कर्क यांच्या दात घासायच्या ब्रशला हे विष चुकून लागले आणि त्यांची नाडी मंदावली. पुढे एडिनबरोचे थॉमस फ्रेझर यांनी त्यातूनच हृदयविकारावर औषध आणले! आपल्या कोकणात आढळणाऱ्या चांदकुड्याच्या चिकातही याच गटातले विष असते. आग्नेय आशियात तो चीक बाणांना लावत.

विष काम कसे करते?
हृदयाच्या पेशीतून सोडियम बाहेर टाकणारा 'पंप' ते बंद पाडते. पेशीत कॅल्शियम साचते, ठोके बिघडतात आणि हृदय थांबू शकते.

मग शिकारीचे मांस खायचे कसे?
स्ट्रोफॅन्थसचे विष जखमेतून थेट रक्तात गेले तर मारते. पोटातून ते फारसे शोषले जात नाही. बिट्टीचे मात्र तसे नाही, तिचे विष पोटातूनही भिनते. ठोके काही तासांनीही बिघडू शकतात. त्यामुळे मुलाने बी खाल्ल्याची शंका आली, तर ते खेळताना दिसले तरी घरी थांबू नका. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या. उरलेली बी किंवा फळ सोबत घ्या, डॉक्टरांना ओळख पटते.