पहिल्यांदा लिनक्स टाकताना: पप्पांची उधारी उडाली, तिथून सुरुवात

(एपिसोडचं हे लिखित रूप. ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागचा मागांचा खडखडाट तेवढा काढलाय.)

आज विषय लिनक्सचा. ‘आपला काय संबंध’ म्हणून पुढे सरकू नका. तुम्ही हे ज्या फोनवर ऐकताय तो अँड्रॉइड असेल, तर त्याच्या पोटात लिनक्सच आहे. म्हणजे लिनक्स तुम्ही रोज वापरताय, फक्त कॉम्प्युटरवर तो स्वतःच्या हाताने टाकून बघितलेला नाही. आज त्या पहिल्या वेळेबद्दल बोलू, आणि सुरुवात माझ्या चुकीपासून.

मी काय घोळ घातला

आमचं घर भवानी पेठेत. खाली चार माग, वर आम्ही. मी बीटेकच्या पहिल्या वर्षाला होतो. एका सिनियरने पेनड्राइव्ह दिला, “उबंटू आहे, टाक बिनधास्त.” घरी लॅपटॉप एकच, त्यात पप्पांचे हिशेब. टॉवेल कुणाला किती गेले, कुणाची उधारी किती, सगळं एक्सेलमध्ये.

मी विचार केला, विंडोज सी ड्राइव्हमध्ये आहे, पप्पांच्या फाइली डी मध्ये आहेत, म्हणजे डी ला काही होणार नाही. इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ असा पर्याय आला. मी तो निवडला. वीस मिनिटांत छान जांभळा स्क्रीन आला, मी खूश. मग फाइली शोधायला गेलो, तर डी ड्राइव्हच नाही.

चूक कुठे झाली? सी आणि डी या दोन वेगळ्या डिस्क नव्हत्या, एकाच डिस्कच्या दोन खोल्या होत्या. मी खोली रिकामी करा म्हणालो नव्हतो, अख्खं घर पाडा म्हणालो होतो.

दुसरी चूक त्याहून मोठी. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क पुसली तरी जुना डेटा लगेच नाहीसा होत नाही. त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत बराचसा तिथेच पडून असतो. तेव्हाच लॅपटॉप बंद केला असता, तर टेस्टडिस्क किंवा फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने काहीतरी हाती लागलं असतं. मी मात्र घाबरून दोन दिवस त्याच लॅपटॉपवर उपाय शोधत बसलो, अपडेट टाकले, सिनेमासुद्धा डाउनलोड केला.

पप्पा ओरडले नाहीत. जुन्या वह्या आणि चलनं काढून बसले. तीन आठवडे रोज रात्री ते वाचायचे, मी टाइप करायचो. एका व्यापाऱ्याची बाकी शेवटपर्यंत जुळली नाही. तो म्हणेल तो आकडा धरावा लागला.

मुळात हे आहे काय?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे हार्डवेअर आणि तुमचे अ‍ॅप यांच्यामधला मुकादम. कुणाला किती मेमरी, प्रिंटर कुणाच्या ताब्यात, हे तो ठरवतो. विंडोजचा मुकादम कसा काम करतो ते कंपनीलाच माहीत. लिनक्सचा कोड उघडा आहे. कुणीही वाचा, बदला, वाटा.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ नावाच्या मुक्त सिस्टीमची घोषणा केली. तिचे बरेच भाग तयार झाले, पण गाभा, म्हणजे कर्नल, अडून राहिला. १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्सने जाहीर केलं की मी हौस म्हणून एक छोटी सिस्टीम बनवतोय. वय २१, म्हणजे आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं पोरगं. त्याचा कर्नल आणि ग्नूचे भाग एकत्र आले. आज जगातले सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर लिनक्सवर चालतात.

मग उबंटू, मिंट, फेडोरा ही काय भानगड? सोलापूरकरांना सांगायची गरज नाही. माग तोच, जकार्डवरच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या बदलल्या की चादरीची नक्षी बदलते. तसा कर्नल तोच, वरची मांडणी वेगळी. अशा प्रत्येक मांडणीला डिस्ट्रो म्हणतात. आणि हे जकार्ड म्हणजे नुसती उपमा नाही बरं का. भोकं पाडलेल्या पट्ट्यांनी मशीनला हुकूम द्यायची ही फ्रान्समधली १८०४ ची युक्ती पुढे कॉम्प्युटरच्या पंचकार्डपर्यंत पोचली. आपल्या पेठेचं आणि कॉम्प्युटरचं नातं जुनं आहे.

दुसरी वेळ: मामेभावाचा लॅपटॉप

आता हा विषय का काढला? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. माझ्या मामेभावाचा लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी. दुकानदार म्हणाला, “नवीन घ्या.” मामा रिक्षा चालवतो. नवीन कुठून घेणार?

भाऊ माझ्याकडे आला, “दादा, तू कॉम्प्युटरवालाय, बघ की काहीतरी.” माझ्या पोटात गोळाच आला. पण यावेळी नीट केलं. क्रम सांगतो, लिहून घ्या.

एक, बॅकअप. फोटो, मार्कशीट, सगळं वेगळ्या पेनड्राइव्हवर. आणि नुसतं कॉपी करून थांबायचं नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडून बघायची. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

दोन, लाइव्ह यूएसबी. मिंटची फाइल साधारण ३ जीबीची येते. ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, रुफस किंवा एचरने लिहावी लागते. तो पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, म्हणून बॅकअपचा पेनड्राइव्ह वेगळा हवा. मग लॅपटॉप चालू करताना एफ१२, एफ२ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. कुठली की ते कंपनीवर अवलंबून.

तीन, ‘ट्राय’. सगळ्यात महत्त्वाचं हेच. पेनड्राइव्हवरूनच सिस्टीम चालते, तुम्ही इन्स्टॉल म्हणेपर्यंत डिस्कला हात लागत नाही. आवाज येतो का, वायफाय दिसतं का, कॅमेरा चालतो का, हे दोन दिवस तपासा. मी हे केलं असतं तर पप्पांचे तीन आठवडे वाचले असते.

भावाचं वायफाय दिसेना. तो म्हणाला, “झालं, बिघडलं!” बिघडलं नव्हतं. त्या चिपचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला नेट लागतं. मग? मोबाईल केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केलं, नेट आलं. ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट, झालं.

मराठीसाठी इनपुट मेथडमध्ये मराठी जोडायची. इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. इंग्रजी अक्षरं मारून मराठी उमटायला हवी असेल तर आयबससोबत एम१७एन टाका. आणि अडलात तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स, लिबरऑफिस यांचे धडे मराठी आवाजात मोफत आहेत.

कुणी लगेच बदलू नये?

आता खरं सांगतो. शेजारची अक्का लग्नपत्रिकांचं डीटीपी करते. भावाचा लॅपटॉप बघून म्हणाली, “मला पण टाकून दे की रे.” मी नको म्हणालो. कोरलड्रॉ लिनक्ससाठी मिळत नाही. तिच्या जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्यात ‘क’ हा खरा ‘क’ नसतो, इंग्रजी अक्षराला ‘क’चा वेष चढवलेला असतो. तो फॉन्ट नसला की मागचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं, आणि पत्रिकेतल्या गणपतीच्या ओळीचा कचरा दिसतो. टॅलीवर धंदा चालतो त्यांचंही तेच. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. जुगाड करून चालवता येतं, पण हिशेबाच्या बाबतीत जुगाड नको, हे मी कुणाला सांगू!

पण काम ब्राउझर, अभ्यास, कोडिंग, लिबरऑफिसमध्ये पत्रं आणि तक्ते एवढंच असेल, तर जुना लॅपटॉप भंगारात द्यायच्या आधी एक पेनड्राइव्ह घालून बघा.

भाऊ आता त्यावर पायथॉन शिकतोय. मागच्या रविवारी पप्पा त्याच्या मागे उभे राहून बघत होते. मला म्हणाले, “माझ्या पण कॉम्प्युटरवर टाकायचंय का?” मी म्हणालो, “टाकू की.” ते आत गेले आणि वही घेऊन आले, “आधी हे सगळं उतरवून घेतलंयस का बघ.”

तर मंडळी, तुमचा पहिला अनुभव कसा होता? काही उडालं का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये लावू. आणि आज रात्री बॅकअप घ्या. चला, भेटू!