पुलाखालचा राक्षस

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात, फ्रीमॉन्ट वस्तीतल्या अरोरा पुलाखाली एक अंधारा कोपरा होता. तिथे कचरा साचे, अमली पदार्थांचे व्यवहार चालत. १९९० मध्ये तिथे सुमारे १८ फुटी काँक्रीटचा राक्षस अवतरला. त्याच्या मुठीत खरीखुरी फोक्सवॅगन बीटल आहे. आज मुलं त्याच्या अंगाखांद्यावर खेळतात.

कल्पना वस्तीतल्या कलामंडळाची. पैशाला हातभार शहराच्या निधीचा. सिअ‍ॅटलने १९८८ मध्ये सुरू केलेल्या या निधीची अट साधी आहे. शहर अनुदान देतं आणि रहिवासी आपला वाटा उचलतात. तो रोख रकमेचा असू शकतो, सामानाचा किंवा श्रमाचाही. रविवारी सकाळी रोपं लावायला आलेल्या शेजाऱ्याचे तासही हिशेबात धरले जातात. हीच या योजनेची खरी ताकद. स्वतःच्या हाताने घडवलेली जागा लोक सांभाळतात, तिथे येत-जात राहतात आणि वर्दळ असली की भीती ओसरते.

जागा बदलली की काय होतं, हे फिलाडेल्फियात मोजलं गेलं. तिथल्या ५४१ ओसाड भूखंडांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कचरा हटवून हिरवळ लावल्यावर गरीब वस्त्यांमध्ये बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी घटला.

आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक सुरू केलं. पदपथ, दिवे, बाक अशी प्रभागातली छोटी कामं नागरिक त्यातून सुचवू शकतात.