भूक पोटाची की मनाची? फोनवरच्या कोचिंगमध्ये नेमके काय करून घेतात

गुंजी (ता. खानापूर) / प्रतिनिधी : जेवून तासही झालेला नसतो. गोव्याला कामाला गेलेल्या मुलाचा फोन आलेला नसतो, नाहीतर सोसायटीच्या हप्त्याची तारीख जवळ आलेली असते, आणि हात आपोआप फरसाणाच्या डब्याकडे जातो. पोटात भूक नसताना ताण, राग, एकटेपणा किंवा कंटाळ्यापोटी खाणे म्हणजे 'भावनिक खाणे'. हा हावरटपणा नव्हे. गोड-तेलकट खाल्ले की घटकाभर बरे वाटते, ते मेंदूच्या लक्षात राहते आणि पुढच्या ताणाला तो तेच मागतो. कधीतरी असे झाले तर बिघडत नाही. पण शुगर-बीपी असलेल्याला रोजची सवय महागात पडते.

अशा वेळी डाएटचा कागद कामी येत नाही. काय खाऊ नये हे सगळ्यांना ठाऊकच असते, अडचण त्या क्षणाची असते. आहारतज्ज्ञ बेळगावात आणि तो क्षण गावात, रात्री दहाला. ही अडचण व्हिडिओ कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे कोचिंग भरून काढू पाहते. मराठी माणसाला हा प्रकार अगदीच नवा नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळा जेवणाच्या मोहिमेत व्हॉट्सअ‍ॅप गटांवरूनच मार्गदर्शन होते आणि खरी भूक कधी लागते हे आधी ओळखायला सांगतात. भावनिक खाण्यात त्यापुढचा प्रश्न विचारतात : भूक नव्हती, मग काय होते?

त्यासाठीचे सराव साधे आहेत.

नोंद : खाण्याआधी भुकेला ० ते १० गुण द्यायचे आणि मनात काय चाललेय ते एका शब्दात लिहायचे. लिहिता येत नसेल तर व्हॉइस मेसेज. आठवड्याने कोचबरोबर नोंदी पाहिल्या की वेळ आणि कारण दोन्ही सापडतात.

दहा मिनिटे : डबा उघडण्याआधी थांबायचे. पाणी प्यायचे, अंगणात फेरी मारायची, कुणाला तरी फोन लावायचा. तरीही हवे असेल तर वाटीत काढून, बसून खायचे.

जर-तर : 'भांडण झाले तर आधी बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसेन' असे आधीच ठरवून कोचला सांगायचे.

सावकाश घास : मोबाईल, टीव्ही बंद ठेवून पहिले चार घास चव घेत खायचे.

पावसात रेंज गेली तरी हे सराव थांबत नाहीत. कोच फक्त आठवण करून देतो.

मात्र एक लक्षात ठेवा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असताना हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला तर दहा मिनिटे थांबू नका. ती शुगर उतरल्याची खूण असू शकते. लगेच साखर घ्या. जेवणाच्या वेळाही डॉक्टरांना विचारूनच बदला.

ताबा सुटून, लपूनछपून, पोट दुखेपर्यंत खाणे वारंवार होत असेल तर कोच पुरेसा नाही. 'बिंज इटिंग' हा २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात स्वतंत्र आजार म्हणून नोंदला आहे आणि त्यावर उपचार आहेत. मनावरच्या ताणासाठी केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत, चोवीस तास सुरू आहे. सेवेच्या २० भाषांत मराठीही आहे. मनातले दुखणे आपल्या भाषेत सांगता आले, तर अर्धे काम तिथेच होते.