भोरड्यांच्या वाटेवरचा शाळू

जानेवारीत श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीच्या शिवारात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, हुरड्यावर येतो आणि नेमक्या त्याच दिवसांत भोरड्यांचे थवे आभाळात घिरट्या घालत असतात. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, डोक्यावर मागे झुकलेला तुरा. पुस्तकांत हिला गुलाबी मैना किंवा पळसमैना म्हणतात. ही येते थेट मध्य आशियातल्या गवताळ मैदानांतून. तिथे मे-जूनमध्ये टोळांची पिल्लं वर येतात, तेव्हाच तिची वीण होते. चीनच्या शिनज्यांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून लोक तिच्यासाठी मुद्दाम दगडविटांची घरटी रचून ठेवतात. तिकडच्या शेतकऱ्याची ही राखणदारीण, आणि आपल्याकडे हिच्यापासूनच पीक राखायचं! टोळ खाणारी ती चोच हिवाळ्यात हजारो किलोमीटरवर येऊन आपल्या कणसात शिरते, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

पण पाखरं नेमकी याच वेळी का तुटून पडतात? फुलोरा संपला की ज्वारीच्या दाण्यात दुधासारखा पांढरा चीक भरतो. तो हळूहळू घट्ट होतो, आणि मऊ-गोड असतानाच आपण त्याला हुरडा म्हणतो. माणसाला जो दाणा गोड लागतो तोच पाखरालाही. चिमणी दाणा चोचीत दाबून चीक पिते, साल तिथंच राहते. कणसावर वाळलेले पांढरे ओघळ दिसले की ओळखावं. पोपट तर कणीसच कुरतडतो, पायात धरून चार दाणे खातो आणि उरलेलं खाली टाकतो. भोरड्या थव्यानं उतरतात, दाणे उपटून गिळतात, आणि हाकारा येईपर्यंत पुढच्या वावरात गेलेल्या असतात.

आफ्रिकेत गडद लालसर दाण्याच्या ज्वाऱ्या पेरतात. त्यांच्या सालीखालच्या थरात टॅनिन असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड तुरट होतं, त्यामुळे दुसरं काही मिळत असेल तर पाखरं त्या कणसांकडे सहसा वळत नाहीत. पण तो तुरटपणा भाकरीतही उतरतो. आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उलटं केलं: पांढरा, टपोरा, गोड दाणा निवडला. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी, म्हणजे एम 35-1, हे त्याचं उत्तम उदाहरण. ज्या गुणासाठी ती आपल्याला हवीशी, त्याच गुणासाठी ती राखावी लागते. बाजरीत मात्र काही वाणांच्या कणसांवर लांब केस असतात, ते पाखराच्या डोळ्यांत-चोचीत टोचतात. तिथे पिकाचीच थोडी राखण पिकाकडे असते.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो एक साधा हिशेब. थव्याचं पोट ठरलेलं असतं. समजा, एका थव्याला दिवसाला दोन क्विंटल दाणे लागतात. शिवारात शंभर एकर शाळू एकदमच हुरड्यावर आला असेल, तर एकरी दोन किलो गेले. कुणाच्या लक्षातही येणार नाही. तोच थवा फक्त चार एकरांवर उतरला, तर एकरी पन्नास किलो, तेही एका दिवसात. श्रीगोंदा तालुक्यात घोड धरणाचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि शाळूची वावरं उसाच्या मधोमध एकटी पडली. दाट ऊस पाखरांना रात्रीच्या मुक्कामालाही सोयीचा. म्हणून ‘पाखरंच फार झाली’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे. पाखरांचा वाटा उचलणारे शेजारी कमी झाले, हे उरलेलं अर्धं. मागास किंवा आगाप पेरलेलं वावर सर्वांत जास्त का खाल्लं जातं, याचंही उत्तर याच हिशेबात आहे.

राखणीच्या साधनांत गोफणीइतकं हुशार काही नाही. तिचं एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत. गरगर फिरवून चिमटी सोडली की गोटा सुटतो, आणि मोकळ्या झालेल्या दोरीचं विंचरलेलं टोक फटका मारतं. चाबकाचं टोक वाजतं ते आवाजाच्या वेगालाही मागं टाकल्यामुळे, म्हणजे सेकंदाला 340 मीटरच्या पुढे गेल्यामुळे. गोफण चांगली वाजवणाऱ्याच्या हातात तेच घडतं, त्यामुळे गोटा कुठेही पडो, थवा उठतो. बुजगावण्याला पाखरं काही दिवसांत सरावतात; एकाच जागी, एकाच सुरात वाजणाऱ्या डब्यालाही. चमकणारी फीत वाऱ्यावर गुणगुणते आणि लखलखते, ती जरा जास्त दिवस चालते. वावरातल्या उंच माळ्यावरचा माणूस कधी कुठून हाकारेल याचा अंदाज मात्र पाखराला येत नाही. त्याची सर कुठल्याही यंत्राला नाही.

राखणीवरून आठवलं, ताहराबादचे संतचरित्रकार महिपती यांनी तुकोबांची एक कथा सांगितली आहे. राखणीला माळ्यावर बसवलेल्या तुकोबांना पाखरं हाकलवेनात. ती पोटभर खाऊन गेली आणि मालक संतापला. ताहराबादही काष्टीच्याच जिल्ह्यातलं, राहुरी तालुक्यातलं. कीर्तनात ही कथा ऐकणारा शेतकरी दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः गोफण घेऊन माळ्यावर चढत असे, आणि त्याला यात विसंगती वाटत नसे. मलाही वाटत नाही. भोरड्या नाकतोडे आणि अळ्याही खातात. त्यांना मारायचं नसतं, उठवायचं असतं.

राखणीचे दिवस कमी करायची एक युक्ती दाण्यातच लपलेली आहे. कणसाच्या खालच्या भागातला एक दाणा नखानं काढून बुडाशी पाहावं. तिथे काळा ठिपका दिसला, म्हणजे ताटातून दाण्यात अन्न जाणारी वाट बंद झाली. यापुढे दाणा फक्त वाळणार, वजन वाढणार नाही. दाण्यात तेव्हा 30 टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. कणसं खुडून खळ्यावर वाळवता येत असतील, तर दाणा वावरात वाळेपर्यंत थांबायची गरज नाही. कडबाही अशा वेळी थोडा हिरवट आणि सकस निघतो, आणि काष्टीसारख्या जनावरांच्या बाजाराच्या गावात कडब्याचं मोल धान्याहून फार मागे नसतं.