किशोरवय कोण देतं?

वयात येणं शरीराचं काम आहे. पण त्यानंतरची चार-पाच वर्षं मुलीला शाळेत मिळणार की चुलीपाशी, हे शरीर ठरवत नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं शरीरसंबंधासाठी मुलींची वयोमर्यादा दहावरून बारावर नेली, तीही टिळकांसारख्यांच्या कडव्या विरोधाला तोंड देऊन. त्याच वर्षी कारखाना कायद्यानं बालकामगाराचं किमान वय सातवरून नऊ केलं. सरकारदरबारी नऊ वर्षांचं पोर गिरणीत राबण्याजोगं होतं! पुढे १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, १९७८ मध्ये ते अठरावर गेलं. या काळात मुली काही उशिरा वयात येऊ लागल्या नव्हत्या; सरकली ती समाजानं आखलेली हद्द.

यावर मेंदूविज्ञानाचा दाखला दिला जातो: विशीपर्यंत मेंदू घडतच असतो, म्हणजे हा टप्पा निसर्गाचाच. मान्य. पण निसर्ग फक्त घडण्याची क्षमता देतो, त्यासाठीची सवड संस्था देतात किंवा काढून घेतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कायद्यानं काय होतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. खरंच आहे, नुसत्या आकड्यानं वय वाढत नाही. कारण कायद्यासमोर दुसऱ्या संस्था उभ्या असतात. बीडकडच्या ऊसतोडीचंच पाहा. तिथे मजुरीचं एकक माणूस नसून 'कोयता' आहे, म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल त्या हिशेबानं मिळते, त्यामुळे लग्न लावलं की एक कोयता वाढतो. शिवाय दिवाळीच्या सुमारास आईबाप फडावर निघाले की वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? लवकर लग्न लावणाऱ्या बापाला अडाणी म्हणणं सोपं आहे, पण त्याचा हिशेब त्याच्या व्यवस्थेत चुकीचा नाही.

म्हणून लग्नाच्या वयापेक्षा ती मधली वर्षं घालवायला जागा आहे का, हे आधी विचारायला हवं. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता, आठवीपर्यंतच थांबतो. बालमजुरीचा कायदा ज्यांना 'किशोरवयीन' म्हणतो ते नेमके चौदा ते अठराचे. ज्या वयाला कायद्यानं नाव दिलं, त्याच वयाला शाळेची हमी नाही. ती हमी बारावीपर्यंत न्यावी आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी गावात मुलींची हंगामी वसतिगृहं सुरू असावीत.