प्रवाळासाठीं दिवा

युरोप-अमेरिकेंत कित्येक घरीं खाऱ्या पाण्याच्या काचपात्रांत जिवंत प्रवाळें पाळतात. त्यांस दिवा कोणता असावा? प्रवाळ हा प्राणी खरा. परंतु त्याच्या देहांत सूक्ष्म शैवालें राहतात व प्रकाशाच्या साह्यानें अन्न तयार करून त्यास पोसतात. समुद्रांत तांबडा प्रकाश वरच्या थरांतच शोषला जातो. निळा खोलवर पोहोंचतो. म्हणून सुमारें ४०० ते ४८० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश भरपूर देणारा एलईडी दिवा निवडावा. मात्र तो एकदम पूर्ण तेजानें लावूं नये. अतिप्रकाशानें शैवालें नाहींशीं होतात, प्रवाळ पांढरें पडतें आणि अखेर उपासमारीनें मरतें. यास्तव तेज कांहीं आठवड्यांत हळूहळू वाढवावें. दिव्याची निवड आपल्या डोळ्यांसाठीं नव्हे, त्या मुक्या जीवासाठीं करावयाची असते.