वळूचं रक्त तपासलंय का?
बारामती आणि इंदापूर तालुक्यांत उसाच्या जोडीला दुधाचा धंदा आहे. गोठ्यातली काळी-पांढरी संकरित गाय बहुतेक वेळा होल्स्टिन फ्रिजियन, म्हणजे एचएफ रक्ताची असते. तिला माज आला की वळू शोधावा लागत नाही. डॉक्टर नायट्रोजनच्या कंटेनरमधून कांडी काढून भरतात. उणे 196 अंशांत जपलेल्या, पाव मिलिलिटरच्या त्या कांडीवर वळूचा नंबर, जात आणि केंद्राची खूण छापलेली असते. शेतकरी वळूच्या आईचं दूध विचारतो आणि ते योग्यच आहे. पण त्या वळूचं रक्त आनुवंशिक रोगांसाठी तपासलंय का, हेही तितक्याच आग्रहाने विचारायला हवं. एका वळूपासून हजारो कांड्या होतात, आणि त्याच्यात दोष असेल तर तोही तितक्याच गोठ्यांत पोचतो.

हे भय काल्पनिक नाही. अमेरिकेत 1952 साली जन्मलेल्या ऑसबोर्नडेल आयव्हन्हो या नामांकित एचएफ वळूच्या वंशाचं वीर्य जगभर गेलं, आणि त्याबरोबर सीडी18 या जनुकातला एका अक्षराचा बदलही गेला. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडण्यासाठी जे प्रथिन लागतं, ते या बदलामुळे निकामी होतं. आई आणि बाप दोघांकडून हा बदल मिळालेल्या वासराच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट असतात, पण जखमेपर्यंत पोचत नाहीत. हिरड्या चिघळतात, न्यूमोनिया आणि हगवण पुन्हापुन्हा होते, वाढ खुंटते आणि बहुतेक वासरं लहानपणीच दगावतात. आयोवातल्या एम्स इथल्या संशोधनकेंद्रात डेल शुस्टर, मार्कस केर्ली आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये हा बदल नेमका दाखवला. तेव्हा अमेरिकेतल्या कृत्रिम रेतनाच्या एचएफ वळूंपैकी सुमारे 14 टक्के वाहक, म्हणजे हा बदल एकाच बाजूने मिळालेले, निघाले. ‘ब्लॅड’ हे या रोगाचं प्रचलित नाव. याच जनुकातल्या दोषांनी माणसाच्या बाळांनाही असाच आजार होतो. त्यांची नाळ उशिरा गळते, जंतुसंसर्ग हटत नाही. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा बाळांचं निदान होतं.

वळूची तपासणी मात्र साधी आहे. रक्तातून डीएनए काढायचा, त्या जनुकाचा तुकडा वाढवायचा आणि त्यावर टॅक-वन हे विकर सोडायचं: निरोगी तुकडा कापला जातो, सदोष तुकडा अखंड राहतो, वाहकात दोन्ही दिसतात. कुणी म्हणेल, आपल्याकडची वासरं मरतात ती चीक वेळेवर न मिळाल्याने, जंतांनी, ओल्या गोठ्याने. हे खरंच आहे, आणि प्रत्येक मेलेल्या वासराचं खापर जनुकांवर फोडणं चूक ठरेल. पण चीक पाजून ब्लॅड बरा होत नाही, आणि वळूची तपासणी शेतकऱ्याच्या वेळेतलं एक मिनिटही खात नाही. दुसरा आक्षेप असा की आपल्या गाई संकरित, तेव्हा धोका कमी. पहिल्या पिढीत कमीच. मात्र पिढ्यान्‌पिढ्या एचएफच्याच कांड्या भरत गेलं, त्याही त्याच नामांकित वंशाच्या, की वाहक गाय आणि वाहक वळू गाठ पडण्याची शक्यता वाढते. तसं झालं तर प्रत्येक वेतात रोगी वासराची शक्यता चारात एक. वाहक गाय स्वतः निरोगी असते, दूधही देते. तिला विकायचं कारण नाही. वाहक वळू मात्र रेतनातून बाजूला काढावा, त्याच्या आईचं दूध कितीही असो. माणसांबाबत हा न्याय लावता येत नाही, लावूही नये. तिथे वाहक जोडप्याला माहिती आणि समुपदेशन द्यायचं, निर्णय त्यांचा.

देशातल्या वीर्यकेंद्रांसाठी केंद्र सरकारने घालून दिलेल्या किमान मानकांत एचएफ वळूंची ब्लॅड, सिट्रुलिनीमिया आणि रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर-इलेव्हनची उणीव यांसाठी चाचणी सांगितलेली आहे. पुणे जिल्ह्यातच, उरुळी कांचनला, मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उभारलेल्या ‘बायफ’चं वीर्यकेंद्र आहे. म्हणजे अहवाल मागणं ही अवाजवी अपेक्षा नाही. पुढच्या वेळी कांडी भरताना नंबर वहीत लिहून ठेवा आणि दूध संघाकडे त्या वळूच्या चाचणीचा अहवाल मागा.